एकच गुऱ्हाळ, चार शैली: अभ्यासक्रमातील छायाचित्रमालिकेसाठी मार्गदर्शन हवे आहे

पंचगंगा:

नमस्कार. मी पुण्यात छायाचित्रणाच्या पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला एकच विषय घेऊन तो चार वेगवेगळ्या शैलींत मांडायचा आहे. प्रत्येक शैलीतील पाच छायाचित्रे आणि त्यांसोबत आपण कोणते निर्णय का घेतले याची नोंदवही, असे कामाचे स्वरूप आहे. विषय म्हणून मी करवीर तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचे गुऱ्हाळ निवडले आहे. घाण्यातून रस निघाल्यापासून गुळाची ढेप तयार होईपर्यंत तिथे काय काय घडते हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि हंगाम सुरू असेपर्यंत तिथे केव्हाही जाण्याची मला मोकळीक आहे.

ठरवलेल्या शैली अशा: पहिली, 1900 च्या आसपासची पिक्टोरियलिस्ट म्हणजे चित्रासारखी मऊ, धूसर शैली, दुसरी, तिच्या विरोधात उभी राहिलेली थेट आणि धारदार शैली, तिसरी, बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याच्या धर्तीवरची वर्गवार मालिका, आणि चौथी, कॅमेऱ्याशिवाय सायनोटाइप कागदावर (ज्यावर उन्हाने निळे ठसे उमटतात) केलेली ठसाचित्रे. सुरुवातीची निवड पाहून मार्गदर्शकांनी असे मत दिले की, एकाच छायाचित्रावर संगणकात चार प्रक्रिया केल्यासारखे हे दिसते. त्यांचा आक्षेप मला समजतो. मात्र त्यातून वाट कशी काढावी हे ठरत नाही. शिवाय दोन शंका आहेत. सगळी मालिका कृष्णधवल ठेवावी का? आणि सायनोटाइपऐवजी पिक्टोरियलिस्ट काळातील गम बायक्रोमेट ही छपाईची पद्धत घरी करता येईल का?

अंधारखोली:

पंचगंगाताई, विषय उत्तम निवडला आहे. मार्गदर्शकांच्या आक्षेपाचा अर्थ मी असा लावतो की, चारही शैलींसाठी तुम्ही बहुधा एकाच वेळी, एकाच जागी उभे राहून पाहत आहात. शैलीतला मोठा भाग कॅमेरा हातात घेण्याआधीच ठरलेला असतो: कोणत्या प्रहरी जायचे, किती जवळ जायचे आणि मुख्य म्हणजे काय दाखवायचे नाही. नोंदवहीत प्रत्येक शैलीसमोर ‘या शैलीत मी काय गमावले’ असा एक रकाना ठेवा. तो प्रामाणिकपणे भरला तर चार शैली आपोआप वेगळ्या होतील, असे मला वाटते.

पिक्टोरियलिस्ट मंडळींचेच पाहा. छायाचित्र हे यंत्राचे काम आहे, त्यात कलावंताचा हात कुठे दिसतो, असा प्रश्न त्या काळी त्यांना विचारला जात असे. म्हणून त्यांनी गम आणि प्लॅटिनमसारख्या छपाईच्या पद्धती जवळ केल्या, फोकस मुद्दाम मऊ ठेवला, आणि कित्येकांनी मुद्रितावर कुंचल्याच्या खुणाही राहू दिल्या. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी 1902 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोटो-सिसेशन हा गट उभा केला आणि पुढच्या वर्षी ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक काढले ते याच भूमिकेतून. मात्र 1917 मध्ये ते नियतकालिक बंद झाले तेव्हा त्याच्या शेवटच्या अंकात पॉल स्ट्रँड यांची कोणताही मुलामा नसलेली, थेट छायाचित्रे होती. एकाच संपादकाची दृष्टी पंधरा वर्षांत इतकी बदलली, यावरून या दोन शैलींमधला वाद किती खरा होता हे कळते. तुमच्या पहिल्या दोन शैलींमध्येही तो वाद दिसला पाहिजे.

गुऱ्हाळात हे सहज साधता येईल. काहील उकळत असताना वाफ इतकी असते की मऊपणा संगणकातून आणावाच लागत नाही. सकाळचे ऊन तिरपे आत येते त्या वेळी वाफेच्या पलीकडे, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहा. रस ढवळणारी माणसे केवळ आकार होऊन समोर येतील. इथे गमावता काय, तर चेहरे, हत्यारे आणि त्या माणसांची ओळख. ही किंमत लहान नाही आणि ती नोंदवहीत लिहायलाच हवी. एक व्यावहारिक सूचना अशी की, थंडीत बाहेर गार पडलेला कॅमेरा एकदम त्या वाफेत नेला तर काचेवर दव धरते. म्हणून तो पिशवीतच ठेवून काही वेळ आत राहू द्यावा आणि मगच बाहेर काढावा.

धारदार शैलीसाठी मात्र वाफ शत्रू आहे. चुलाण विझलेले असताना, काहील रिकामी असताना जा. काठावर वाळलेला पाकाचा थर, पत्र्यावरचे ओरखडे, झाऱ्याच्या दांड्यावर हात फिरून फिरून आलेली झळाळी, हे त्या वेळी दिसते. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 1932 मध्ये एकत्र आलेल्या ज्या गटात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि इमोजेन कनिंगहॅम होते, त्याने स्वतःला एफ/64 हे नाव दिले, कारण मोठ्या आकाराच्या फिल्मवर इतक्या बारीक ॲपर्चरमुळे (भिंगाच्या छिद्रामुळे) जवळचे आणि लांबचे सारखेच स्पष्ट येते. तुमच्या डिजिटल कॅमेऱ्यावर तो आकडा गाठण्याचा प्रयत्न करू नका. फार बारीक ॲपर्चरला प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी तो पसरल्यामुळे, प्रतिमा उलट बोथट होते. एफ/8 ते एफ/11, तिवई आणि सावकाश शटर पुरेसे आहे. वेस्टन यांनी 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून जे छायाचित्र काढले ते पुन्हा एकदा नीट पाहा. भाजीच्या दुकानातली एक वस्तू, पण तिच्या प्रत्येक वळणावरून उजेड कसा उतरतो आहे याकडे त्यांनी किती लक्ष दिले आहे! गुळाच्या ढेपेकडे तसे पाहता येईल.

आता तिसरी शैली. इथे तुमच्या योजनेत एक अडचण आहे. एकाच गुऱ्हाळात बेखर यांच्या पद्धतीची मालिका होत नाही. 1959 पासून या दांपत्याने जर्मनीत आणि पुढे इतर देशांतही पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींवरील मनोरे टिपले. प्रत्येक वेळी आकाश ढगाळ, वस्तू मध्यभागी, माणसे वगळलेली. अशी अनेक छायाचित्रे जाळीत शेजारी शेजारी मांडली की एकाच कामासाठी बांधलेल्या वस्तू एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत ते डोळ्यांत भरते. 1990 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले ते शिल्पकलेचे, यातच सारे आले. तेव्हा आसपासच्या गुऱ्हाळांची धुराडी घ्या. प्रत्येक मालकाची परवानगी आधी घ्या, आणि नऊ धुराड्यांची एक जाळी हे एक छायाचित्र धरले जाईल की नऊ, हे मार्गदर्शकांकडून लेखी विचारून ठेवा. हंगामात आपल्याकडे आभाळ निरभ्र असते. त्यामुळे बेखर यांच्यासारखा सावलीरहित उजेड सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर थोडाच वेळ मिळेल.

शिरोळकर:

अंधारखोली यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. मी छायाचित्रकार नाही, पण आमच्या घरी अनेक वर्षे गुऱ्हाळ होते, म्हणून रंगाच्या प्रश्नावर लिहितो.

गुळाचा सगळा व्यवहार रंगावर चालतो. बाजारात पिवळाधमक गूळ उठून दिसतो आणि ग्राहक तोच मागतो, म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस पावडर टाकली जाते. ती न टाकलेला गूळ गडद, तपकिरी होतो. रसातली मळी काढण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे, आणि मळी किती नीट काढली यावरही रंग अवलंबून असतो. कृष्णधवल छायाचित्रात ही दोन प्रकारची ढेप करड्या रंगाच्या दोन छटा होऊन बसेल, आणि पाहणाऱ्याला त्यातला झगडा कळणारच नाही. त्यामुळे पूर्ण मालिका कृष्णधवल ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पिवळ्या आणि तपकिरी ढेपांची एक ओळ, सारख्याच उजेडात, सारख्याच पांढऱ्या कापडावर, रंगीत घेतली तर बेखर यांची शिस्तही पाळली जाईल आणि आमच्या धंद्याची खरी गोष्टही सांगितली जाईल. व्हाइट बॅलन्स मात्र ऑटोवर ठेवू नका; करड्या कार्डावर एकदा ठरवून तोच कायम ठेवा, नाहीतर ढेपेढेपेगणिक रंग बदलेल आणि तुलनेला अर्थ उरणार नाही.

दुसरे असे की, तुमच्या चार शैलींपैकी एकीतही गुळव्याचा चेहरा नाही. पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहायची आणि काहील उतरवण्याची वेळ ठरवायची, हे सारे तो करतो. थोडे पुढेमागे झाले तर सगळे आधण बिघडते. आमच्या गुऱ्हाळात त्याचा शब्द मालकाच्या शब्दापेक्षा मोठा असे. त्याला वगळून गुऱ्हाळाची गोष्ट पूर्ण होईल, असे मला वाटत नाही.

निळा कागद:

गम बायक्रोमेटविषयी आधी सांगतो: घरी करू नका. त्यात लागणारे डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. ते हाताळण्याची आणि सांडपाण्याची नीट सोय असलेल्या प्रयोगशाळेतच, जाणकारांच्या देखरेखीखाली ते काम व्हावे.

सायनोटाइप त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे आणि तुमच्या विषयाला शोभतेही. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत शोधली आणि ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून तिच्या साहाय्याने ब्रिटनमधील समुद्रशैवालांचे ठसे प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू वनस्पतीचा अचूक, मूळ आकाराचा ठसा मिळवणे हा होता, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. ऊस हे मुळात गवत आहे. त्याचा तुरा मिळाला तर अवश्य घ्या. त्यातील तंतूंमधून उजेड झिरपतो आणि निळ्या पार्श्वभूमीवर विलक्षण नाजूक छटा येतात. पाचटही चांगले; जाड कांड्याचा मात्र नुसता पांढरा पट्टा येतो. वाळलेले चिपाड काचेखाली दाबून ठेवले तर त्याचे धागे स्पष्ट येतात.

पद्धत अशी: 100 मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवे), आणि वेगळ्या 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही द्रावणे निरनिराळ्या गडद बाटल्यांत ठेवावीत, लागतील तेवढीच समप्रमाणात मिसळावीत, पिवळ्या मंद दिव्याच्या उजेडात कागदावर पातळ थर द्यावा आणि कागद अंधारात वाळवावा. हातमोजे घाला. फेरीसायनाइड तीव्र आम्लाच्या संपर्कात येऊ देऊ नका आणि तापवू नका. उन्हात किती वेळ ठेवायचे हे ऋतू आणि कागद यांवर ठरते, म्हणून आधी एका पट्टीवर टप्प्याटप्प्याने झाकत चाचणी घ्या. नंतर कागदातून पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर निळा रंग फिका पडतो. पहिल्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकल्यास फरक जाणवेल.

पंचगंगा:

सर्वांचे मनापासून आभार. शिरोळकरकाका, गुळव्याविषयी तुम्ही लिहिलेले मला फार पटले. आमच्याकडचे गुळवेमामा मला लहानपणापासून ओळखतात. आता असा विचार आहे की पिक्टोरियलिस्ट शैली वाफेसह सकाळी घ्यावी, धारदार शैली काहील रिकामी असताना घ्यावी, आणि बेखर यांच्या धर्तीवर धुराड्यांऐवजी ढेपांची रंगीत मालिका करावी. धुराड्यांसाठी अनेक गुऱ्हाळे फिरावी लागतील. ढेपा मात्र नात्यातली दोन-तीन घरे देतील. सायनोटाइपऐवजी गुळवेमामांची व्यक्तिचित्रे घ्यावीत का, हा एकच प्रश्न उरला आहे. चारच शैलींची मर्यादा आहे.

अंधारखोली:

शिरोळकरांचा ढेपांचा पर्याय माझ्या धुराड्यांपेक्षा सरस आहे, तोच घ्या.

सायनोटाइप सोडू नका, कारण कॅमेऱ्याशिवायची ती तुमची एकमेव शैली आहे. गुळवेमामांना धारदार शैलीतच आणा, म्हणजे पाचवी शैली लागणार नाही. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांनी कोलोनमधील एका मिठाई करणाऱ्याचे 1928 मध्ये काढलेले छायाचित्र शोधून पाहा: तो आपल्या कामाच्या जागी, हातात भांडे घेऊन, पूर्ण उंचीने, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत उभा आहे. त्याला हसायला सांगितलेले नाही आणि काम करत असल्याचा आविर्भावही करायला लावलेला नाही. मामांना त्यांचा झारा घेऊन काहिलीशेजारी असेच उभे करा, कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर ठेवा, आणि कुठे उभे राहायचे हे त्यांनाच ठरवू द्या. पाच छायाचित्रांपैकी तीन वस्तूंची आणि दोन त्यांची, असे प्रमाण मला योग्य वाटते. एक काहील उतरल्यानंतर आणि दुसरी चढण्यापूर्वी त्यांना थोडी सवड मिळत असेल तेव्हाच विचारा. आणि छापील प्रत त्यांना हंगाम संपण्याआधी नेऊन द्या.