तोडणे, मोडणे, फोडणे : इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी ‘ब्रेक’ चालते का?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. एखादी वस्तू तुटण्या-फुटण्याचा प्रसंग आला की मुले सरसकट ‘ब्रेक’ हे क्रियापद वापरतात. ‘त्याने फूल तोडले’, ‘तिने कागद फाडला’, ‘वडिलांनी लाकूड फोडले’, ‘परीक्षेचा पेपर फुटला’ या चारही वाक्यांत त्यांना ‘ब्रोक’ हेच रूप सुचते. तोडणे, मोडणे आणि फोडणे या तिन्हींना ‘ब्रेक’ हा एकच प्रतिशब्द ती शिकलेली असतात, त्यामुळे दोष केवळ त्यांचा नाही. पाठांतराची यादी न देता निवड कशी करावी हे शिकवता येईल का? ‘डिव्हाइड’, ‘सेपरेट’ आणि ‘स्प्लिट’ यांतील फरकही कोणी उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : भाषांतरकार, पुणे

मुलांना आधी त्यांच्याच भाषेतील नेमकेपणा दाखवावा, असे मला मनापासून वाटते. कशाला तरी जोडलेली किंवा ताणलेली वस्तू तुटते, जसे फूल, दोरा, फांदी. ताठ वस्तू वाकून दुभंगली की मोडते, जसे काठी, खुर्ची, हाड. आणि टणक, ठिसूळ किंवा पोकळ वस्तू फुटते, जसे काच, मडके, नारळ. म्हणजे वस्तू कशी आहे आणि तिच्यावर जोर कसा पडला, हे मराठी क्रियापदच सांगून टाकते. इंग्रजीत दोरा, काठी, हाड आणि काच हे सारे ‘ब्रेक’मध्ये सामावते, पण कागद आणि कापड सामावत नाही, पातळ, लवचीक वस्तूसाठी ‘टेअर’च हवे. फुलाला ‘पिक’ किंवा ‘प्लक’, झाडाला ‘कट डाउन’, आणि कुऱ्हाडीने रेषांच्या दिशेने उभ्या फोडलेल्या लाकडाला ‘स्प्लिट’. पेपर फुटला तर तो ‘लीक’ होतो, पाण्याची नळी फुटली तर ‘बर्स्ट’. उलट घड्याळ नुसते बिघडले, त्याचा एकही तुकडा पडला नाही, तरी इंग्रजी माणूस ‘ब्रोकन’ म्हणतो.

याहून बारकाईने सांगायचे तर वर्गात चहाचा एक कप पुढे ठेवून विचारावे. तडा गेला पण कप अखंड आहे, तर ‘क्रॅक’. कडेचा टवका उडाला, तर ‘चिप’. कान निखळून हातात आला, तर ‘ब्रेक ऑफ’. फरशीवर आपटून ठिकऱ्या उडाल्या, तर ‘शॅटर’. कोणी रागाने मुद्दाम आपटून फोडला, तर ‘स्मॅश’. शेवटी हातात काय उरले, हे विचारण्याची सवय लागली की मुले योग्य क्रियापदाच्या पुष्कळ जवळ पोहोचतात.

प्रतिसाद : भाषाशास्त्राची विद्यार्थिनी

वरील मांडणीला व्याकरणाचीही जोड द्यावी. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७० साली ‘हिट’ आणि ‘ब्रेक’ या क्रियापदांच्या वागणुकीतील फरक दाखवणारा एक निबंध लिहिला होता. त्यातील मुख्य मुद्दा शाळेतही सांगता येण्याजोगा आहे. ‘ब्रेक’ वस्तूच्या बदललेल्या अवस्थेबद्दल बोलते, म्हणून ‘द ग्लास ब्रोक’ हे वाक्य कर्त्याशिवायही पूर्ण होते. ‘कट’मध्ये धारदार हत्यार आणि ते चालवणारा गृहीत असतो, म्हणून पाव कापला गेला या अर्थाने ‘द ब्रेड कट’ असे म्हणता येत नाही. आपल्याकडे हा फरक तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे या जोड्यांत उघड दिसतो, आणि मुलांना तो न शिकवताच येतो.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या, २८ भाषांचा समावेश असलेल्या एका अभ्यासात, भाषकांना कापण्या-मोडण्याच्या छोट्या चित्रफिती दाखवून वर्णन करायला सांगितले होते. वस्तू नेमकी कुठे विलग होणार हे आधी किती सांगता येते, हा निकष त्या भाषांच्या वर्गीकरणात सर्वांत महत्त्वाचा ठरला. सुरी जिथे ठेवली तिथेच गाजर कापले जाते, पण हातोडा मारल्यावर ताटली कुठे फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. ‘कट’ आणि ‘ब्रेक’ यांमधील सीमा समजावण्यासाठी मला यापेक्षा सोपे सूत्र माहीत नाही.

प्रतिसाद : निवृत्त गणित शिक्षक

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ‘डिव्हाइड’मध्ये एका अखंड गोष्टीचे भाग पाडले जातात : वर्गाचे चार गट, जमिनीचे तीन हिस्से. ‘सेपरेट’मध्ये मुळातच भिन्न असलेल्या, पण एकत्र आलेल्या किंवा चिकटलेल्या गोष्टी वेगळ्या केल्या जातात; अंड्यातील पांढरा भाग आणि पिवळा बलक वेगळा करताना म्हणूनच ‘सेपरेट’ म्हणतात. ‘स्प्लिट’ला बोलीचा स्पर्श आहे, हॉटेलचे बिल मित्रांनी वाटून घेतले तर ते ‘स्प्लिट’ केलेले असते.

या क्रियापदांमागे येणाऱ्या शब्दांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. भाग पाडताना ‘इन्टू’, भावंडांत वाटताना ‘बिट्वीन’ किंवा ‘अमंग’, आणि भागाकारात ‘बाय’. ‘इन्टू’चा घोळ आपल्या शाळांत फार खोल रुजलेला आहे. आपण ३ इन्टू १२ म्हणजे गुणाकार समजून ३६ लिहितो. इंग्लंडमधील शाळेत त्याच शब्दांचा अर्थ १२ मध्ये ३ किती वेळा जातात असा होतो आणि उत्तर ४ येते. पुढे परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणण्याची सवय आठवीतच लावावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.