दाताच्या ऑपरेशनआधी मुलाला नाकातून गुंगीचं औषध देणार आहेत. कुणाला अनुभव आहे का?

खानापूरची_आई

नमस्कार. मुलगा ४ वर्षांचा, वजन साडेतेरा किलो. तीन वर्षांचा होईपर्यंत रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपायचा. आता वरचे पुढचे दात काळे पडून झिजलेत आणि खालच्या दोन दाढांच्या मुळाशी पू झालाय. महिन्यात दोनदा गाल सुजला.

पहिल्यांदा एका ठिकाणी नेलं होतं, तिथं चौघांनी हातपाय धरून दात काढायचा प्रयत्न केला. शेवटी काढला नाहीच. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की हा माझ्या पदराआड जातो, केस कापायलाही बसत नाही. आता बेळगावात लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडं दाखवलंय. ते म्हणाले, ६ दातांचं काम आहे, पूर्ण भूल देऊन एकाच वेळी करून टाकू. आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरात) न्यायच्या आधी नाकात औषधाचा बारीक फवारा मारतात, म्हणजे पोर रडत-ओरडत आत जात नाही.

घरात आज्जी ऐकायला तयार नाहीत. नाकातून दिलेलं औषध सरळ मेंदूत चढतंय, पोर मंद होईल, असं त्यांचं म्हणणं. संमतीचा कागद दिलाय तो कन्नड आणि इंग्रजीत. मी कन्नड बोलते, पण असलं वाचायला अडखळते. पुढच्या मंगळवारी तारीख आहे. इकडं पाऊस लागून राहिलाय, त्याचं नाकही जरा वाहतंय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

निपाणीकर_बाबा

ताई, माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी असंच झालं, ती तेव्हा ५ वर्षांची. नाकात औषध मारल्यावर ती जोरात रडली, नाक जळतंय म्हणाली. माझा जीव खालीवर झाला. पण दहा-बारा मिनिटांत माझ्या खांद्यावर मान टाकली, डोळे अर्धे उघडे, बोलणं जड. सिस्टरनी हात पुढं केले तर तशीच त्यांच्याकडं गेली. मुलगी ठणठणीत आहे, पहिलीत पाढे म्हणतेय. आज्जींना हे सांगा.

संकेश्वर_राहुल

फिटच्या पेशंटसाठी नाकात मारायचा स्प्रे मेडिकलमध्ये मिळतोय की. त्यातही तेच औषध असतंय. आधी घरी एकदा मारून बघा, पोराला सोसतंय का कळेल.

ओटी_सिस्टर

राहुल, हे कृपा करून कुणाला सांगू नकोस. औषध तेच आहे, मिडाझोलम. पण फिट थांबत नसेल तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापानं ते द्यायचं असतं. लहान मुलाचा श्वास त्यानं उथळ होऊ शकतो, जीभ मागं पडू शकते. आमच्याकडं पोराच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा असतो, बाजूला मास्क आणि ऑक्सिजन तयार असतो, उतारा म्हणून फ्लुमाझेनिलची कुपी हाताशी असते. घरच्या पलंगावर यातलं काय आहे?

खानापूरच्या ताई, मी २२ वर्षं ओटीत आहे, माहेर चिकोडी तालुक्यातलं. आधी आज्जींची शंका. नाकाच्या आतल्या पातळ कातडीत रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, औषध तिथनं रक्तात जातं. तोंडानं दिलेलं औषध पोटातनं लिव्हरमधून जातं आणि वाटेतच बरंचसं मोडतं, वर मिडाझोलम कडू असल्यानं पोरं ते थुंकतात. म्हणून नाक. काही तासांत त्याचा अंमल उतरतो. गुंगीच्या या एका डोसानं मूल मंद होत नाही.

औषधं मुख्य दोन. निपाणीच्या दादांनी सांगितलं ते जळणं मिडाझोलमचं, कारण ते आम्लधर्मी असतं. १० ते १५ मिनिटांत काम करतं. काही पोरं मात्र त्यानं उलटी चिडतात, हसतात, रडतात. दुसरं डेक्समेडेटोमिडिन. ते जळत नाही आणि त्याची झोप खऱ्या झोपेसारखी असते, पण अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं आणि नाडी थोडी मंदावते. तुमच्या बाळाच्या वजनाला ते सगळं मिळून जेमतेम पाव मिली होतं. सिरिंजला पुढं मऊ टोपीसारखं टोक लावतात, त्यातनं धुक्यासारखा फवारा निघतो. अर्धा एका नाकपुडीत, अर्धा दुसऱ्या. सुई कुठंच नाही. तुम्हीच त्याला मांडीवर घ्या, डोकं तुमच्या छातीला टेकवा. चौघांनी धरलेलं पोर आहे ते, त्याला पुन्हा कुणी दाबून धरू नये म्हणूनच हे सगळं करतात.

मला काळजी वाटते ती त्याच्या वाहत्या नाकाची. नाक शेंबडानं भरलेलं असेल तर औषध आत जिरत नाही, घशात उतरतं. शिवाय दाताच्या कामात तोंडात डॉक्टरांचे हात असतात, म्हणून श्वासाची नळी पुष्कळदा नाकातूनच घालतात. सर्दी-खोकल्यात श्वासनळी चिडलेली असते, भूल देताना ती आवळली जाऊ शकते. नुसतं पाण्यासारखं नाक असेल तर भूलतज्ज्ञ छाती तपासून ठरवतील. ताप, कफाचा खोकला, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असेल तर तारीख पुढं ढकलायला लागते. पुढं गेली तर नाराज होऊ नका. मंगळवारची वाट बघू नका, उद्याच फोन करून सांगा.

दुसरं, उपास. जेवण आणि बाटलीचं किंवा गाईचं दूध ६ तास आधी बंद, तेलकट असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. एकदा एक पोर गुंगीत आलेलं, मी त्याचा शर्ट काढत होते तर खिशातनं बिस्किटाचा ओला चुरा हाताला लागला. आज्जीनं सकाळी मायेनं दिलेलं, 'एकानं काय होतंय' म्हणून. पोट भरलेलं असताना भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. ती केस तिथंच थांबवली. त्या आज्जी बाहेर बाकावर बसून रडत होत्या, मला अजून आठवतात. तुमच्या आज्जींना दरडावू नका, कारण सांगा.

कागद न वाचता सही करू नका. 'मराठीत समजावून सांगा' म्हणून भूलतज्ज्ञांना स्पष्ट म्हणा, तो तुमचा हक्क आहे. एक नक्की विचारा: नाकात औषध मारल्यापासून ओटीत नेईपर्यंत बाळाजवळ कोण थांबणार? उत्तर 'तुम्हीच' असलं तर पुरेसं नाही. शिकलेलं माणूस पाहिजे, नजर बाळावर, चिमटा बोटाला.

आणि परत खानापूरला जाताना दुचाकीवर नेऊ नका. झोपाळू पोराची मान पुढं पडली की श्वास अडतो. गाडी करा, चालवणारा वेगळा, मागं एक जण फक्त त्याच्या हनुवटीकडं बघत बसू दे.

खानापूरची_आई

सिस्टर, फोन केला. तपासून दोन आठवडे पुढं ढकललं. राग नाही आला.

खानापूरची_आई

काल झालं. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी कागदातली ओळ न् ओळ मराठीत सांगितली, आज्जीही शेजारी बसून ऐकत होत्या. डेक्समेडेटोमिडिन दिलं. फवाऱ्यावर एकदा शिंकला आणि माझ्याकडं रागानं बघितलं, एवढंच. चाळीस मिनिटं एक सिस्टर स्टूल घेऊन समोरच बसलेल्या. झोपताना त्यानं माझं मंगळसूत्र मुठीत धरलेलं, त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि उचलून आत नेलं. रडला नाही.

दोन दाढा काढल्या, चार दातांवर कॅप बसवल्या. नाकातून रक्ताचा एक थेंब आला होता, नळीमुळं म्हणाले. रात्री आठला ताकभात मागितला, आज्जींनीच भरवला. सिस्टर, दाढा काढल्या तिथं तो सारखी जीभ लावतोय, चालतंय का?

ओटी_सिस्टर

चालतंय ताई, बोट घालू देऊ नका एवढंच. आठवडाभर मऊ खाऊ दे, आणि काढलेल्या दाढांची जागा धरून ठेवायला तार बसवायची का, ते पुढच्या भेटीत विचारा.