आईच्या गोष्टी तिघींना वेगवेगळ्या आठवतात, नोंद कशी करावी?

मधली: आई गेल्यापासून आम्हा बहिणींमध्ये एका गोष्टीवरून वाद आहे. पणजोबांनी कुत्र्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून त्याला मारलं, नंतर पाळण्याखाली मेलेला साप सापडला, अशी ती गोष्ट. थोरली म्हणते, हे आपल्याच घरात घडलं. धाकटी म्हणते, आईने रचलं. मला कुत्रा आठवतच नाही, मांजर आठवतं. आईच्या आवाजातल्या दोन कॅसेट आणि व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज आहेत. सुरुवात कुठून करू?

फीतकाम: आधी आवाज वाचवा, वाद नंतरही घालता येईल. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आतली फेल्टची गादी निघाली असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. तेव्हा फीत दुसऱ्या कवचात घालावी लागते. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणा, मगच वाजवा. कॅसेट सी-१२०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० मिनिटांची, असेल तर फीत फार पातळ असते, ती सारखी मागेपुढे करू नका. वाजवताना आवाज संगणकावर रेकॉर्ड करा; सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि फाईल वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) ठेवा. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होते. आवाज 'साफ' करायचा तो कॉपीवर, मूळ फाईलला हात लावू नका. आणि आईच्या फोनवरचे चॅट मीडियासकट आत्ताच एक्स्पोर्ट करा. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे बंद होतं.

वहीची_कड: आता गोष्टीकडे. एकत्र बसून बोलायच्या आधी तिघींनी स्वतंत्र लिहा. बोलणं झालं की ठामपणे सांगणारीचा तपशील बाकीच्यांच्या आठवणीत शिरतो आणि मग तो वेगळा काढता येत नाही. लिहिताना गोष्ट कोणाकडून ऐकली, तेव्हा वय साधारण किती होतं, आई ती कशावरून काढायची, हे टिपा. तिची ठरलेली वाक्यं जशीच्या तशी अवतरणात ठेवा. प्रत्येक तपशिलापुढे 'नक्की', 'अंधुक' किंवा 'नंतर ऐकलं' एवढं पुरे. मग तिन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवा. चौथा, 'खरा' रकाना काढायचा मोह होतोच; तो काढलात की पहिले तीन कोणी वाचत नाही. शिवाय आईनेच थोरलीला एक आणि पुढे काही वर्षांनी धाकटीला दुसरं सांगितलेलं असू शकतं.

मुंगूस: ही गोष्ट पंचतंत्रातल्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात आहे, तिथे कुत्र्याच्या जागी मुंगूस. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत हा प्रकार १७८-अ. वेल्समध्ये हीच कथा गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्यावर सांगतात. म्हणून आई खोटं बोलली असं होत नाही. फिरत्या गोष्टी घरातल्या माणसाला चिकटतात. या फिरत्या गोष्टीच्या सांगाड्यात नसलेलं, फक्त आईच्या सांगण्यात असलेलं काय आहे ते शोधा: बाळ कोणतं, घर कुठलं, कुत्र्याचं नाव. तेवढंच जुन्या नोंदी आणि पत्रांशी ताडून पाहता येतं. पणजोबा की खापरपणजोबा, हेही तपासा, तोंडी कथेत मधल्या पिढ्या गळतात. नातेवाइकांना 'कुत्रा होता ना?' असं विचारू नका, 'ती पाळण्याची गोष्ट सांगा' म्हणा.

मधली: थोरली कॅसेट लागली की उठून जाते. धाकटीला वाटतं, ती टाळतेय.

वहीची_कड: जाऊ द्या. शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात दुःखाला भिडणं आणि रोजच्या कामात रमणं यांत माणूस मागेपुढे होतो, आणि दोन्ही लागतंच. शोकाचे म्हणून सांगतात ते 'पाच टप्पे' (नकार, राग वगैरे) तिला लावू नका. मनोविकारतज्ज्ञ क्यूब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून. थोरलीला फोटोंमागची नावं लिहायला द्या, आवाज ऐकून लिहून काढायचं काम दुसरीने घ्या. एका तासाच्या ध्वनिफितीला चार ते सहा तास लागतात, एका बैठकीत अर्ध्या तासाच्या फितीपेक्षा जास्त उतरवू नका. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ आणि दुःख कायम असेल आणि रोजची कामंच होत नसतील, तर मात्र समुपदेशक गाठा. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घ शोकविकारासाठी किमान मुदत तेवढीच आहे.

फीतकाम: फाईलला नाव देताना आधी तारीख, मग बाजू 'अ' किंवा 'ब'. 'आई फायनल २' अशी नावं नकोत. आणि प्रत एकीकडेच नको, तिघींकडे ठेवा.