रशियन क्रांतीच्या कादंबऱ्यांत हे असलं अद्भुत कशाला?

रातकिडा:
रशियन लेखक आंद्रेई बेलीची 'पीटर्सबर्ग' ही कादंबरी वाचतोय, इंग्रजीतून. 1905 चा ऑक्टोबर, संप, सिनेटरच्या पोराकडे बापाला उडवायला सार्डिनच्या डब्यातला बॉम्ब, इथवर ठीक. पण मग दुदकिन या क्रांतिकारकाच्या खोलीवर रात्री पीटर राजाचा ब्राँझचा घोडेस्वार पुतळा धाडधाड जिना चढून येतो काय, आणि वितळून त्याच्या नसांत उतरतो काय!! दारू नि जागरणाचे भास म्हणून सोडून द्यायचं का? क्रांती तर मला कुठे दिसतच नाहीये.

काळा चहा:
दिसणार नाहीच, ऐकू येते ती. शहराबाहेरून येणारा तो 'ऊऊऊ' आवाज आठव, लेखक थेट आपल्यालाच विचारतो की तू ऐकलंस का म्हणून. आणि कवी ब्लोकची 1918 ची 'बारा' (कविता आहे, पण राहवत नाही), ती लिहिताना आणि नंतरही काही दिवस आपल्याला खरोखर कानांनी मोठा गोंगाट ऐकू येत होता, बहुतेक जुनं जग कोसळल्याचा, असं त्यानंच लिहून ठेवलंय. भास म्हणून सोडू नकोस, कारण (पुढचं कथानक फोडतोय, सांभाळून) दुदकिन नंतर कात्रीनं खून करतो आणि प्रेतावर त्या पुतळ्यासारखाच स्वार होऊन बसतो. नसांत उतरलेला धातू वाया नाही गेला.

उगीचच:
झाम्यातिनची 'गुहा' ही कथा वाच. त्यात भूतबीत काही नाही, नुसती थंडी. पेट्रोग्राडचा (म्हणजे पीटर्सबर्गचाच) फ्लॅट गुहा होतो, बाहेर मॅमथ फिरतोय, लोखंडी शेगडी हा देव, आणि खोलीत कुऱ्हाड, संगीतकार स्क्र्याबिनचं ओपस 74 नि पाच धुतलेले बटाटे शेजारी शेजारी. सुशिक्षित माणूस शेजाऱ्याची लाकडं चोरतो. माणूस इतका गारठला की अद्भुत आपोआप येतं, वेगळं आणावं लागत नाही.

माळकरी नसलेला:
सरसकट नको हं असं. प्लातोनोवच्या 'कोत्लोवान' (पायाचा खड्डा) या कादंबरीमध्ये लोहारकाम करणारं अस्वल आहे, जिथे जिथे राबलं ती श्रीमंत शेतकऱ्यांची घरं ओळखून गुरगुरतं, नि मग त्या लोकांना हाकलतात. तिथे कोणालाच भास होत नाहीयेत, गावात कुणी चकितसुद्धा होत नाही! मला तर तेच जास्त भयानक वाटलं. 1930 ला लिहिलेली, सोव्हिएत वाचकाला मिळाली 1987 ला.

रातकिडा:
बापरे. मग आधी काय घेऊ?

उगीचच:
'गुहा', एका बैठकीत होते. बेली मात्र अर्धवट टाकू नकोस.