प्युरिफायरचा आकडा कितपत धरायचा?

मेघना (४०२): बेडरूममधला हवेचा जुना प्युरिफायर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचा, आकडा ९ दाखवतोय. नवीन आणलेला त्याच्या शेजारी ठेवला, तर तो २३ म्हणतोय. खोली तीच, खिडक्या बंद. बाबांना दमा आहे म्हणून विचारते, ऐकायचं कुणाचं?

सुहास काका (१०१): नव्याचं. जुन्याचा सेन्सर गेला असणार.

निखिल (६०३): काका, एवढ्यात नको ठरवायला. माझं काम याच सेन्सरांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे मशीन धुळीचं वजन करतच नाही. आत एक छोटी काळी डबी असते. तिच्यात लेझरचा किंवा इन्फ्रारेड एलईडीचा झोत सोडलेला असतो, आणि बाजूला प्रकाश टिपणारा फोटोडायोड. कण झोतातून गेला की प्रकाश विखुरतो, तेवढी चमक मोजली जाते. त्यावरून कण किती ते काढायचं, त्यांची घनता गृहीत धरायची आणि एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ते दाखवायचं. कारखान्यात हा हिशेब एका ठरावीक धुरावर किंवा धुळीवर बसवलेला असतो. घरातले कण वेगळ्या जातीचे असले की आकडा सरकतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या मशीनमध्ये एवढा फरक सहज पडतो.

मेघना: मग खरं वजन होतं कुठे?

निखिल: हवा तपासणाऱ्या केंद्रांवर. कोरा फिल्टर तोलतात, २४ तास त्यातून मोजून हवा ओढतात आणि परत तोलतात. तोलण्याआधी फिल्टर ठरलेल्या आर्द्रतेत ठेवतात, कारण ओलाव्याचंही वजन भरतं. घरच्या डबीत ही सोय नाही. हवा फार दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि आकडा उगाच चढतो. बाबांच्या खोलीत अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालू असेल तर तो बंद करून बघ. त्याचे तुषारही सेन्सर धूळ म्हणूनच मोजतो.

शुभदा काकू (२०४): आमच्या मशीनचा दिवा तर हाताला सॅनिटायझर लावला तरी लाल होतो!

निखिल: काकू, तो दुसरा सेन्सर, वायूंचा. त्यात मेटल ऑक्साइडचा थर तापवलेला असतो. अल्कोहोल, अत्तर, रंगाचा वास, काहीही आलं की त्याचा विद्युतरोध बदलतो. नेमकं काय आलं ते त्याला सांगता येत नाही. त्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे मोजमाप जुळवून घेणं, तो स्वतःच करत राहतो: मागच्या काळात मिळालेली सगळ्यात स्वच्छ हवा म्हणजे ‘चांगली’. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. खोली दिवसेंदिवस बंद राहिली तर कोंदट हवाच त्याला चांगली वाटायला लागते आणि दिवा हिरवा राहतो. बाहेर हवा बरी असेल तेव्हा खिडक्या उघडत जा, म्हणजे त्याचा पाया ठिकाणावर राहील.

सुहास काका: मग जुना काढायचा की ठेवायचा?

निखिल: ठेवायचा. आधी साफ करा. प्लग काढा, बाजूचं छोटं झाकण उघडा, आत बारीक भिंग दिसेल; कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. भिंगावर धूळ बसली तर आकडा कमी येतो, डबीत साठली तर आकडा वर अडकून बसतो. मेघना, नंतर दार-खिडक्या लावून दोन्ही मशीन फुल स्पीडवर ठेव. दोन्हींचे आकडे हळूहळू खाली आले तर सेन्सर जागे आहेत. मग एकच मशीन धर आणि त्याचीच चढउतार बघ.

मेघना: २३ म्हणजे घाबरायचं का?

निखिल: नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, पण ती २४ तासांच्या सरासरीची. स्क्रीनवर या क्षणाचा आकडा असतो. शिवाय सेन्सर मशीनजवळचीच हवा बघतो आणि ऑटो मोड त्याच्यावरच चालतो. बाबांचा पलंग लांबच्या कोपऱ्यात असेल तर ऑटोवर विसंबू नकोस, झोपेपर्यंत मशीनचा पंखा वरच्या स्पीडला ठेव. आणि त्यांना दम लागला तर हिरव्या दिव्याकडे बघून थांबू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध द्या.

शुभदा काकू: गॅसची गळती कळते का यात?

निखिल: नाही काकू, त्याच्यावर अजिबात विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडही यात भरवशाने कळत नाही आणि फिल्टरने जातही नाही. गॅसवर चालणारा हीटर असेल तर दोन्हींसाठी वेगळे अलार्म लावा.