युरोपातला वसंत आणि समुद्रकिनारा: आपापले अनुभव लिहा (कुडकुडलेले आधी)

रानजाई
काल भाचीचा व्हॉट्सॅप आला. एप्रिलमधे नेदरलँड्सला चाललीये नवऱ्याबरोबर, ट्युलिप बघून झाले की बीचवर आराम करणार म्हणे, आणि खाली उघड्या बॅगेचा फोटो. त्यात सगळे बिनबाह्यांचे ड्रेस, स्ट्रॉ हॅट, सनस्क्रीन. मी एकटीच हसत सुटले आणि एकदम स्खेवेनिंगन आठवलं.

आम्ही तेव्हा द हेगला राहायचो. १ नंबरची ट्रॅम पकडली की थेट समुद्र. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकली की त्या लोकांच्या अंगात काहीतरी संचारतं. बाहेर दहा डिग्री, वाऱ्याने बोलताना तोंडात वाळू जातेय, आणि अख्खं गाव किनाऱ्यावर! हिवाळ्यात तिथे बऱ्याच भागात नुसती वाळू असते बरं का. ती बीचवरची हॉटेलं शरद संपताना फळीन फळी सुटी करून उचलून नेतात आणि वसंतात परत आणून उभी करतात. मला तेच बघायला जास्त आवडायचं. ट्रॅक्टरवरून लाकडाचे गठ्ठे येतायत, एकजण वाळूत उकिडवा बसून लेव्हल बघतोय, दुसरा काचा पुसतोय, स्वयंपाकघर अजून अर्धं उघडंच, आणि पुढच्या टेबलावर चार आज्ज्या आधीच कॉफी घेऊन बसलेल्या. काचेच्या आडोशाला, कोट, मफलर, गॉगल, तोंड सूर्याकडे, डोळे मिटलेले. कुणी कुणाशी बोलत नाही. ऊन खाणं हे काम असल्यासारखं चाललेलं.

पाणी एप्रिलमधे आठ-नऊ डिग्री असतं. आमचे चिरंजीव बूट काढून धावत गेले आणि ज्या वेगाने गेले त्याच वेगाने आले. मग किबेलिंग (तळलेल्या माशाचे तुकडे, वर लसणीचं सॉस) खायला घातलं तेव्हा गप्प.

भाचीला लिहिलं जॅकेट ने. ती म्हणते, मावशी, स्प्रिंग आहे ना! तर लिहा सगळ्यांनी, तिला दाखवायचंय.

चहाबाज
पहिला मी!! आमच्या हातातले चिप्स सीगल घेऊन गेला. नुसते चिप्स नाही, पुडा. ब्रायटन.

ओवी१२
हाहाहा पुड्यासकट

सातारकर_इंग्लंड
ब्रायटन निघालंच आहे तर. वाळू नाहीच तिथे, सगळे गोटे, अनवाणी चालून दाखवा. सासरे आले होते तेव्हा ईस्टरच्या सुट्टीत नेलं, पियरवर फिरलो (समुद्रात आत गेलेला लांब धक्का, १८९९ चा आहे तो, शेजारी जळालेल्या वेस्ट पियरचा लोखंडी सांगाडा उभाय पाण्यात) पण त्यांचं लक्ष काही लागेना, वाऱ्याने कान धरून बसलेले. मग रॉयल पॅव्हिलियन बघितला, तो राजाचा घुमट-मिनारवाला महाल, त्यात पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, १९१४ च्या डिसेंबरपासून. झुंबराखाली खाटा टाकलेले फोटो आहेत तिथे. धर्म-जातीप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. सासरे बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराचे इंजिनियर) रिटायर झालेले, खडकीत आयुष्य गेलं, आणि खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या १९१४ ला फ्रान्सच्या आघाडीवर होत्याच, तर ते एकदम ताठ बसले. म्हणाले पुढे काय काय आहे चल.

पुढे म्हणजे छत्री, स्मारकाची. गावाबाहेर पॅचमच्या वर टेकडीवर जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १९२१ ची. गाडी वरपर्यंत जात नाही, चालत जायचं, वाटेत चिखल आणि मेंढ्यांची नुकती झालेली कोकरं. वर कुणी नव्हतं. २०१० मधे शेजारी नावांची भिंत केलीय. सासऱ्यांनी बूट काढले आणि सगळी नावं मोठ्याने वाचली, एक न गाळता. वारा एवढा की मला अर्धी ऐकूच आली नाहीत. लांब खाली ब्रायटन आणि समुद्र दिसत होता. येताना गाडीत म्हणाले, बीच ठीक आहे.

रानजाई
ब्रायटनला राहूनही मला हे माहीत नव्हतं. काकांना नमस्कार सांगा.

सातारकर_इंग्लंड
सांगतो ताई. ते आता गुडघ्यांमुळे घरातच असतात पण अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला छत्रीचे फोटो दाखवतात.

पिंपळपान
पॅचमहून चालायला किती? आईला जमेल का, ७० आहे

सातारकर_इंग्लंड
चढ आहे आणि रस्ता कच्चा. पावसानंतर नको. बूट चांगले हवेत, चपला अजिबात नाही.

कोकणचा_बाब्या
एप्रिलमधे थंडी वाजणारा समुद्र ही कल्पनाच मला झेपत नाहीये. आमच्याकडे एप्रिलात वाळूवर पाय ठेवला की नाचायला लागतं. या दापोलीला सगळे, आंबे पण आहेत, व्हिसा लागत नाही.

ओवी१२
बाब्या पेटी पाठव आधी मग बोलू

लाह्या
ब्लॅकपूलची गाढवं! कुणीच कसं लिहिलं नाही? ईस्टरच्या सुमारास बीचवर गाढवं येतात मुलांना फिरवायला, गळ्यात घंटा आणि कपाळपट्टीवर प्रत्येकाचं नाव. मी प्रेस्टनला होते तेव्हा, टॉवर बघायला म्हणून गेलो (१८९४ चा, वर जाताना माझे पाय लटपटले, त्याबद्दल नंतर कधीतरी) आणि लेक त्या गाढवांना जी चिकटली ती उठेचना. मालकाशी गप्पा मारल्या तर कळलं की गाढवांचे नगरपालिकेने नियम केलेत. सकाळी दहाच्या आधी काम नाही, दुपारी जेवणाची सुट्टी, आठ स्टोनच्या वरचा म्हणजे साधारण ५० किलोच्या वरचा माणूस बसवायचा नाही, आणि शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी. नवरा म्हणाला इथे अर्ज कुठे करायचा.

चहाबाज
५० किलो म्हणजे आमच्या घरातून फक्त मांजर पात्र

पिंपळपान
शुक्रवारी सुट्टी?? आमच्या ऑफिसला कुणीतरी फॉरवर्ड करा हे

अळणी
मी अनुभवापेक्षा तक्रार लिहायला आलेय. जर्मनीत बाल्टिकला वार्नेमुंडं, मे महिना, आणि हॉटेलच्या बिलात कुर्टाक्स म्हणून वेगळे पैसे. म्हणजे हवा खायचा कर. माणशी. सासूबाई म्हणाल्या मी तर खोलीच्या बाहेर पडलेच नाही, माझे परत मागा.

पण तिथल्या त्या टोपलीच्या खुर्च्या मला घरी आणायच्या होत्या. श्ट्रांडकोर्ब. दोन माणसं बसतील एवढी वेताची उभी टोपली, डोक्यावर छप्पर, आत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गादी, खालून ओढला की पाय ठेवायचा खण बाहेर येतो, बाजूला कॉफीचा कप ठेवायला घडीची फळी. वापरात नसली की समोरून लाकडी जाळी लावून कुलूप. पहिली १८८२ मधे रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या बुरुडाने केली, संधिवात असलेल्या एका बाईंना समुद्रावर बसायचं होतं म्हणून. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, धंद्याचं डोकं तिचंच. सासूबाईंनाही संधिवात, त्यांना ही गोष्ट सांगितल्यावर त्या शेवटी बाहेर आल्या आणि मग टोपलीतून उठेनात. गंमत म्हणजे सगळ्या टोपल्यांची तोंडं सूर्याकडे. समुद्र कुठल्याही बाजूला असो, त्याच्याकडे पाठ केली तरी चालते.

रानजाई
मग सासूबाईंचा कुर्टाक्स वसूल झाला म्हणायचा

अळणी
त्या अजून मानत नाहीत

मुं_पु_नीस
थंडी थंडी काय लावलंय, नीसला जा की. एप्रिलात छान ऊन, जॅकेट संध्याकाळपुरतं. गोटेच आहेत तिथेपण, पण पाण्याचा रंग असा की माफ. प्रॉमेनाडवर निळ्या खुर्च्या असतात, त्यावर तंगड्या पसरून बसायचं, फुकट. आणि पूर्वी म्हणजे एकोणिसाव्या शतकात तिथला सीझन हिवाळा ते वसंत असाच होता, उन्हाळ्यात सगळे बडे लोक पळ काढायचे, आता उलटं झालंय. व्हिक्टोरिया राणी शेवटी शेवटी वसंतात सिमिएला येऊन राहायची, वरच्या टेकडीवरची ती भली मोठी रेजिना हॉटेलची इमारत अजून आहे (आता फ्लॅट आहेत). १८९७ ला बरोबर तिचा लाडका हिंदी नोकर मुन्शी अब्दुल करीम याला आणायचं म्हणून दरबारातले लोक राजीनामे द्यायला निघालेले, तरी आणलाच.

शाकाहारी लोकांनी सोक्का शोधा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, भल्या मोठ्या गोल तांब्याच्या ताटात लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. खरवडून कागदात देतात, कडा करपलेल्या. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त मिरची विसरलेलं. मी खिशात लाल तिखटाची पुडी ठेवते, लाजायचं नाही.

ओवी१२
ओवा पण टाका. मी घरी ओव्हनमधे करून बघितला, मस्त होतो, तवा आधी सणसणीत तापवायचा.

चहाबाज
कुठलं पीठ? दुकानातलं बेसन चालतं का जाडसर दळायचं?

ओवी१२
बारीक. आणि भिजवून दोन तास तरी ठेव, वरचा फेस काढून टाक. धागा भरकटतोय रानजाई रागावेल

रानजाई
भरकटू दे, आज आमच्याकडे हेच होणार आता

जोशी_निवृत्त
नमस्कार. आम्ही उभयता क्रोएशियातील ओपातिया येथे मार्चअखेर गेलो होतो. फारसे आपले लोक जात नाहीत. ऑस्ट्रियाच्या बादशाहीतले श्रीमंत येथे हवापालटास येत, त्यांचे पिवळे-गुलाबी बंगले अजून उभे आहेत. वाळू नाही, पोहणाऱ्यांसाठी सिमेंटचे कट्टे केलेले आहेत. परंतु समुद्राला लागून पायवाट आहे, वोलोस्को ते लोव्रान, सुमारे १२ किलोमीटर, संपूर्ण फरसबंद. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस बागा, आणि त्या दिवसांत कॅमेलिया फुललेला असतो, झाडाखाली पाकळ्या न तुटता अख्खी फुले पडतात. सौ.नी ओंजळभर वेचली, मग ती ठेवायची कुठे हा प्रश्न, माझी टोपी गेली. एप्रिलमध्ये लोव्रानकडे रानातले अ‍ॅस्परॅगस येते, आपल्या शतावरीच्या कुळातलेच, बारीक आणि कडसर. अंड्यात घालून देतात. सौ. अंडे खात नाहीत, त्यांना नुसते परतून दिले, मीठ जास्त होते.

पिंपळपान
काका क्रोएशियाला वेगळा व्हिसा लागतो का?

जोशी_निवृत्त
आता नाही. १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) आहे आणि चलनही युरो झाले. आमच्या वेळी कुना होते, थोडे सुटे अजून कपाटात आहेत.

पिंपळपान
अपॉइंटमेंट मिळत नाहीये ओ काका, रोज रात्री बारा वाजता उठून बघतेय

लाह्या
पहाटे बघ पिंपळपान, रद्द झालेल्या दिसतात कधीकधी. माझी तशीच मिळाली.

खारीबिस्कीट
उशिरा आले. बेल्जियम राहिलं ना लोकहो. अख्ख्या किनाऱ्याला एकच ट्रॅम, क्नोक्के ते दे पाने, ६७ किमी. दिवसाचा पास काढायचा आणि वाटेल तिथे उतरायचं. पाऊस आला की ट्रॅममधे, थांबला की बाहेर, आमचा सगळा दिवस असाच गेला. ओस्टेंडला उंच बिल्डिंगांची भिंत उभी आहे समुद्रासमोर, मला नाही आवडली, पण शिंपल्यांच्या गरम सुपाच्या गाड्या आहेत बंदराजवळ, तो वास आणि ती वाफ, थंडीत दुसरं काही नको. दे हानला मात्र उतराच. बुटके पांढरे बंगले, लाल कौलं. आइनस्टाइन १९३३ च्या वसंतात अमेरिकेहून परतला तो जर्मनीत न जाता इथे येऊन राहिला, तिकडे हिटलर आलेला. सप्टेंबरपर्यंत होता. बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे, शेजारी जागा मोकळी. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा त्या जागेवर बसून सँडविच खात होते, उठायचं नाव नाही, आमचा फोटो त्यांच्यासकट आहे.

चहाबाज
शेंगदाणे न्यायचे त्यांच्यासाठी, सरकले असते

कोकणचा_बाब्या
शिंपल्यांचं सूप म्हणजे तिसऱ्यांचं? नारळाशिवाय??

खारीबिस्कीट
तिसऱ्या नाहीत रे, शंखातले मोठे असतात, व्हेल्क. नारळ नाही, सेलरी आणि मिरी.

कोकणचा_बाब्या
देवा.

ओवी१२
लँडुड्नोला कुणी गेलंय का, वेल्स? २०२० च्या लॉकडाऊनमधे गावात बकऱ्या घुसल्या होत्या तेच. त्या मूळ काश्मिरी जातीच्या आहेत म्हणे. मेमधे जायचा विचार आहे, सोबत दोन वर्षांचा मुलगा आणि बाबागाडी.

सातारकर_इंग्लंड
गेलोय. प्रॉमेनाड सपाट आहे, बाबागाडीला उत्तम. बकऱ्या वर ग्रेट ऑर्मच्या डोंगरावर, तिथे जुनी ट्रॅम जाते, १९०२ ची. गाडीची घडी करावी लागेल बहुतेक. बकऱ्या दिसतीलच असं नाही, आम्हाला शेपट्या दिसल्या फक्त.

ओवी१२
थँक्यू! आणि जेवायचं काय? तो फक्त वरणभात खातो सध्या

लाह्या
छोटा कुकर ने. मी सगळीकडे नेते. किचन असलेली खोली बघ म्हणजे झालं, डाळ-तांदूळ तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटमधे मिळतात, हिंग मात्र घरून.

ओवी१२
शिट्टी वाजली तर अलार्म वाजतो का तिथे?

लाह्या
शिट्टीने नाही. फोडणीने वाजतो. खिडकी उघड आधी.