मदत हवी आहे : छातीतील श्वानोमाची गाठ काढावी की थांबावे?
नमस्कार. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या एक्स-रेमध्ये माझ्या थोरल्या बहिणीच्या (वय 52) छातीत, वरच्या टोकाशी मणक्यालगत, लिंबाएवढी रेखीव कडेची सावली दिसली. सुईने तुकडा घेऊन तपासल्यावर ती मज्जातंतूच्या आवरणातून वाढलेली, कर्करोगाची नसलेली श्वानोमाची गाठ निघाली. ताईला कसलाही त्रास नाही.

अशी गाठ कधीकधी मणक्यांमधील छिद्रातून मज्जारज्जूकडे शिरून डंबेलसारखी होते आणि मग न्यूरोसर्जनचीही गरज पडते, म्हणून एमआरआय केला. सुदैवाने तसा शिरकाव नाही. एक सर्जन म्हणतात, वाढण्याआधीच दुर्बिणीतून काढावी; दुसरे सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू म्हणतात. जागा वरची असल्याने शस्त्रक्रियेनंतर पापणी उतरणे, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम न येणे, म्हणजेच हॉर्नर सिंड्रोम, संभवतो, असे कळल्यापासून ताई येता-जाता आरशात डोळे न्याहाळते. (नातेवाइकांचे एकच पालुपद : कर्करोग नाही, मग कापायचे कशाला?)

ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांनी छातीतील नळी किती दिवस होती, बरगड्यांमधील दुखणे किती काळ टिकले आणि पापणी उतरली असल्यास ती पूर्ववत झाली का, हे कृपया कळवावे. केवळ देखरेखीवर राहिलेल्यांचे अनुभवही हवे आहेत.